तेरा कोटी एकांची संख्या आणि एक वही

२०२४ मध्ये सापडलेली, तोवरची सगळ्यात मोठी मूळसंख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर तिच्यात १ सोडून दुसरा अंक नाही. तो १ ओळीनं १३,६२,७९,८४१ वेळा येतो आणि मधे एकही शून्य नाही. नेहमीच्या दशमान पद्धतीत तीच संख्या ४,१०,२४,३२० अंकी होते. थोडक्यात लिहायची तर: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. पुढे घातांकाला 'प' म्हणू आणि संख्येला 'म', म्हणजे म = २^प − १. या रूपाच्या मूळसंख्यांना मर्सेन मूळसंख्या म्हणतात. ही ल्यूक ड्युरांट यांना सापडली आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला पक्की झाली. सापडलेल्या मर्सेन मूळसंख्यांत ही ५२ वी. आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा, २,४८,६२,०४८ अंकांचा होता.

(शाळेत 'मूळ संख्या', विद्यापीठात गेलं की 'अविभाज्य'. वस्तू एकच. इथे शाळेचाच शब्द ठेवलाय.)

कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे ही छापायला दिली, एका ओळीत ८० अंक आणि पानावर ५० ओळी धरल्या, तर १०,२५७ पानं होतील. पाठपोट छापूनही अकरावं रीम फोडावं लागेल. सेकंदाला एक अंक या वेगानं न थांबता वाचायची तर ४७५ दिवस. घटस्थापनेला अंबाबाईसमोर बसून सुरुवात केली, तर पुढचं नवरात्र मागे पडून संक्रांतीच्या आसपास शेवटचा अंक येईल. एवढं करून हाती काही लागणार नाही, कारण या संख्येबद्दल कळण्यासारखं सगळं त्या छोट्या रूपात आहे, अंकांच्या रांगेत नाही. त्यातलं बरंचसं चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं निघतं.

शेवटून सुरुवात करू. २ च्या घातांचा एकक अंक २, ४, ८, ६ असा चाराच्या फेऱ्यात फिरतो. प ला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणून २^प चा एकक अंक २ आणि म चा १.

शेवटचे दोन अंक काढताना बहुतेक जण एकदा तरी घसरतात. दोन अंकांचा फेरा २० चा. प ला २० ने भागलं की बाकी १ उरते, मग २ चा पहिला घात २, म्हणून २^प च्या शेवटी '०२' आणि म च्या शेवटी '०१'. हे उत्तर चूक आहे. २^प ला ४ ने नि:शेष भाग जातो, तर शेवटचे दोन अंक ०२ कसे असतील? २० चा फेरा ०४ पासून सुरू होतो. पहिला घात त्या फेऱ्यात नसतोच, तो दारातच उभा असतो. म्हणून १ ऐवजी २१ घ्यायचा: २^२१ = २०,९७,१५२. शेवटी ५२, म्हणून म च्या शेवटी ५१.

तीन अंकांचा फेरा १०० चा, प ची बाकी ४१, आणि ४१ फेऱ्याच्या आत असल्यानं इथे अडचण नाही. २^४१ = २१९९०२३२५५५५२, शेवटी ५५२. म्हणजे आपल्या चार कोटी अंकी संख्येच्या शेवटी ५५१.

बाक्याही अशाच निघतात. कोल्हापूरच्या गाड्यांवरचा ०९ घ्या आणि ९ ने भागून बघा. ९ साठी २ च्या घातांचा फेरा ६ चा, प ची ६ ने बाकी ५, २^५ − १ = ३१, आणि ३१ ची ९ ने बाकी ४. म्हणजे चार कोटी अंकांची बेरीज, मग त्या बेरजेच्या अंकांची बेरीज, असं करत गेलं तर शेवटी ४ च उरणार. ७ ने भागल्यावर बाकी ३, ११ ने १, १३ ने ५. यात कुठेही मोठी संख्या हाताळावी लागली नाही.

सुरुवातीचे अंक मात्र लॉगशिवाय निघत नाहीत, आणि तिथे जुनं लॉग टेबल कसं तोंडघशी पाडतं ते बघण्यासारखं आहे. रीत सोपी: प ला २ च्या लॉगनं गुणायचं. गुणाकाराच्या पूर्णांकात १ मिळवला की अंकांची संख्या, आणि अपूर्णांकाचा प्रतिलॉग म्हणजे सुरुवातीचे अंक. चार आकडी टेबलातला ०.३०१० घेतला तर ४,१०,२०,२३२.१ येतात, म्हणजे चार हजारांहून जास्त अंक गायब. सात आकडी ०.३०१०३०० घेतला तर ४,१०,२४,३२०.५, म्हणजे एक अंक जास्त. दहा आकडी ०.३०१०२९९९५७ नं अंकांची संख्या बरोबर येते, पण सुरुवात ८.९ अशी दिसते आणि तीही चूक. लॉगमधली बारीकशी चूक प्रत्येक वेळी साडेतेरा कोटींनी गुणली जाते, हे कारण. ०.३०१०२९९९५६६३९८१ इतका लांब घेतला तर ४,१०,२४,३१९.९४५३१८० येतं आणि प्रतिलॉग ८.८१६९४३. तर संख्या ८८१६९४३… अशी सुरू होते आणि …५५१ वर संपते.

आता मुख्य प्रश्न, ती मूळसंख्या आहे हे कशावरून.

लहान संख्येला आपण वर्गमूळापर्यंतच्या मूळसंख्यांनी भागून बघतो. ४१६००१ हा कोल्हापूरचा पिनकोड घ्या. अंकांची बेरीज १२, तीनने भाग गेला, संपलं. ४१६००३ ला ७ ने भाग जातो: ७ × ५९४२९. म चं वर्गमूळच दोन कोटी पाच लाख अंकी असल्यानं तिथे सरसकट भागून बघणं विसरायचं. तरी एक सवलत मिळते. प मूळसंख्या असेल तर म चा कुठलाही विभाजक २कप + १ याच रूपाचा असतो (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या), आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. २^११ − १ = २०४७ वर ताडून बघा: २०४७ = २३ × ८९. २३ = २ × ११ + १ आणि ८९ = ८ × ११ + १. बाक्या अनुक्रमे ७ आणि १.

आपल्या प साठी क = १ आणि २ हे आठाच्या अटीत बाद होतात. क = ३ आणि ४ उरतात, म्हणजे ८१,७६,७९,०४७ आणि १,०९,०२,३८,७२९. पुढे क = ७ ला ५ ने भाग जातो, ८ ला ३ ने, ११ ला परत ३ ने, १२ ला परत ५ ने. मग थेट १५ आणि १६. पहिल्या सोळांतून चारच शिल्लक राहिले. ही चाळण इतकी स्वस्त आहे की मोठ्या चाचणीआधी ती ग्राफिक्स कार्डावर २ च्या सत्तरी ओलांडलेल्या घातांपर्यंत चालवतात. विभाजक सापडला तर पुढचा सगळा खर्च वाचला.

चाळणीनंतरची दुसरी पायरी पोलार्ड यांची १९७४ ची 'पी उणे एक' रीत. तिचं बळ एका जुन्या उदाहरणात चांगलं दिसतं. कुठल्या घातांकांना मूळसंख्या मिळते याची जी यादी मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिली, तिच्यात ६७ हा घातांक होता. तो चूक आहे हे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव न देता. अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. आता पहिल्या अवयवातून १ वजा करून २ × ६७ ने भागा, क = १४४५५८० येतो. त्याचे अवयव: २ × २ × ३ × ३ × ३ × ५ × २६७७. सगळ्यात मोठा २६७७. 'पी उणे एक' रीत नेमकी अशाच क वर जगते, ज्याचे मूळ अवयव सगळे लहान आहेत. तीन हजारांची मर्यादा दिली की हा विभाजक आजच्या संगणकावर डोळ्याची पापणी लवायच्या आत पकडला जातो.

या दोन्ही चाळण्यांतून जी संख्या सुटली तिच्यासाठी खरी कसोटी, ल्युका–लेमर. ती अगदी थोडक्यात सांगता येते: ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा करा, म ने भागून बाकी ठेवा. हे प − २ वेळा करा. शेवटी शून्य आलं तर म मूळसंख्या, नाहीतर नाही.

२^७ − १ = १२७ वर करून बघू. पायऱ्या पाच. १२७ ने भागायला भागाकार करावाच लागत नाही. १२८ चे गट बाजूला काढायचे आणि गटांची संख्या उरलेल्यात मिळवायची. दशमानात ९९९ ने बाकी काढताना तीन-तीन अंकांचे तुकडे करून बेरीज घेतो, तसंच.

४ × ४ − २ = १४.
१४ × १४ − २ = १९४ = १ × १२८ + ६६, म्हणून ६७.
६७ × ६७ − २ = ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ४२.
४२ × ४२ − २ = १७६२ = १३ × १२८ + ९८, म्हणून १११.
१११ × १११ − २ = १२३१९ = ९६ × १२८ + ३१, म्हणून १२७, म्हणजेच ०.

हीच रीत २०४७ ला लावली तर नऊ पायऱ्यांत १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. २३ आणि ८९ कुठेच दिसले नाहीत हे लक्षात घ्या. कसोटी 'संयुक्त आहे' एवढं सांगते, अवयव सांगत नाही. ६७ च्या बाबतीत ल्युका आणि कोल यांच्यामध्ये २७ वर्षं गेली ती यामुळेच.

४, १४, १९४ हे आकडे कुठून आले? हा भाग इंग्रजी लेखांत सहसा दोन ओळींत उरकतात, आणि आपल्याला तर तो जास्त ओळखीचा असायला हवा. वर्गप्रकृतीचं समीकरण घ्या: य चा वर्ग उणे ३ गुणिले र चा वर्ग = १. सगळ्यात लहान उत्तर य = २, र = १. एका उत्तरावरून दुसरं काढण्याची रीत ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये दिली, तिला भावना म्हणतात. उत्तराची स्वत:शीच भावना केली की ती तुल्यभावना: नवा य = २ × य × य − १, नवा र = २ × य × र. (२, १) वरून (७, ४), त्यावरून (९७, ५६). ताळा: ९७ × ९७ = ९४०९ आणि ३ × ५६ × ५६ = ९४०८. आता य ची दुप्पट लिहा: ४, १४, १९४. 'वर्ग करून २ वजा' म्हणजे तुल्यभावनाच, फक्त दुपटीच्या भाषेत.

यावरून ब्रह्मगुप्तांना ल्युका–लेमर कसोटी ठाऊक होती असं म्हणणं म्हणजे शुद्ध फेकाफेक. त्यांचा प्रश्न पूर्णांकांचा होता, बाक्यांच्या जगातला नाही. पण यंत्र तेच आहे, आणि त्यामुळे शून्याचा अर्थ लागतो. म ने बाकी घेतली की ही उत्तरं एका वर्तुळावर फिरायला लागतात. म मूळसंख्या असेल तर (१, ०) पासून निघून (२, १) हे पहिलं पाऊल धरलेला पूर्ण फेरा म + १ पावलांचा असतो, आणि म + १ म्हणजे २^प, निव्वळ दोनाचा घात. प्रत्येक तुल्यभावना फेऱ्यातलं अंतर दुप्पट करते. प − २ वेळा दुप्पट केलं की आपण बरोबर पाव फेऱ्यावर पोहोचतो आणि तिथे य = ०. सात ने बाकी घेऊन हे बोटांवर दिसतं: (२, १), मग (०, ४), मग (६, ०), मग (१, ०). फेरा आठाचा: पाव फेऱ्याला शून्य, अर्ध्यावर उणे एक, पूर्ण फेऱ्यावर (१, ०) म्हणजे आरंभबिंदू. मर्सेन संख्यांचे विक्रम होतात, बाकीच्यांचे फारसे होत नाहीत, याचं कारण हेच. इतर कुठल्याही चार कोटी अंकी संख्येसाठी म + १ असा आयता दोनाचा घात मिळत नाही. आयआयटी कानपूरची २००२ ची एकेएस कसोटी कुठल्याही संख्येला लागू पडते आणि सिद्धांत म्हणून मोठी आहे, पण या आकाराला ती कुणी लावत नाही, कारण फार हळू आहे.

एक पायरी म्हणजे चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. संगणकाच्या ६४ बिटांच्या तुकड्यांत म चे सुमारे २१.३ लाख तुकडे होतात. शाळेतल्या रीतीनं प्रत्येकाला प्रत्येकानं गुणलं तर एका वर्गाला साधारण साडेचार लाख कोटी गुणाकार. सेकंदाला हजार कोटी गुणाकार धरले तरी पूर्ण चाचणीला जवळपास दोन हजार वर्षं. म्हणून गुणाकार फूरिये रूपांतरानं करतात. संख्येचे प्रत्येकी साधारण १८ बिटांचे ७५ लाख खाने करायचे, रूपांतर करायचं, खान्याला खाना गुणायचा, उलटं रूपांतर करायचं आणि हातचे शेवटी वाहून न्यायचे. क्रँडल आणि फेगिन यांनी १९९४ मध्ये यात अशी मांडणी बसवली की म ने बाकी घेणं आपोआप होऊन जातं. वेगळी पायरी लागत नाही.

चुका शिरतात त्या इथे. रूपांतर दशांश अपूर्णांकांत चालतं आणि उत्तर पूर्णांक हवं असतं. उलट्या रूपांतरानंतर खान्यात ५३२०१७.०२ आलं तर ५३२०१७ घ्यायचं हे उघड आहे. ५३२०१७.४६ आलं तर? खाली घ्यायचं की वर? अंतर ०.४ च्या पुढे गेलं की प्रोग्राम गोलाईची चूक म्हणून ओरडतो. उपाय म्हणजे खाने वाढवायचे, प्रत्येक खान्यात कमी बिट ठेवायचे, वेग थोडा गमवायचा. दुसरी चूक यंत्राची: तापलेली किंवा ताणून पळवलेली मेमरी एखादा बिट उलटा करते. साडेतेरा कोटी पायऱ्यांत तो एक बिट पुरतो. पुढची प्रत्येक पायरी नेटानं चुकीच्या संख्येचा वर्ग करत राहते आणि शेवटी शून्याऐवजी कुठलीतरी बाकी येते. चुकीची बाकी आणि संयुक्त संख्येची खरी बाकी डोळ्यांना सारखीच दिसते. मूळसंख्या हातातून निसटते आणि कळतही नाही.

म्हणून हल्ली पहिली चाचणी ल्युका–लेमर नसते, फर्माची असते. ३ चा वारंवार वर्ग करत प वेळा गेलं की, म मूळसंख्या असल्यास, बाकी ९ यायला हवी. इथे पाया २ का नाही, हे विचारलं पाहिजे. कारण २^प ची म ने बाकी १ च असते (म ची व्याख्याच तशी) आणि म − १ ला प ने भाग जातो. त्यामुळे पाया २ घेतला तर घातांक मूळसंख्या असलेली प्रत्येक मर्सेन संख्या चाचणीत पास होते. २०४७ सुद्धा. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही तिचा उपयोग काय?

फर्मा चाचणीचा फायदा रॉबर्ट गर्बिझ यांच्या ताळ्यात आहे. हा ताळा रोजमेळात उभी आणि आडवी बेरीज जुळवण्यासारखा. दर हजार वर्गांनंतर हाती आलेली संख्या एका 'जमा' गुणाकारात टाकत जायची. हजार वर्ग केले की पहिल्या टप्प्याची संख्या दुसऱ्याची होते, दुसऱ्याची तिसऱ्याची. म्हणजे संपूर्ण जमेचे हजार वर्ग करून त्याला ३ ने गुणलं तर पुढच्या टप्प्याची जमा मिळायलाच हवी. दोन वाटांनी आलेल्या संख्या जुळल्या तर तोवरचं काम बरोबर, नाही जुळल्या तर शेवटच्या जुळलेल्या ठिकाणी परत. ताळा दर दहा लाख वर्गांना एकदा घेतला तर जादा खर्च हजारात दोन. इतक्या स्वस्तात एवढी खात्री ल्युका–लेमरमध्ये मिळत नाही. तिथला याकोबी ताळा निम्म्याच चुका पकडतो.

पण फर्मा चाचणी पास होणं ही सिद्धता नाही. म्हणून ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर फर्मा चाचणी पास झाली, तरी दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोत वेगळ्या प्रोसेसरवर ल्युका–लेमर चालवून मगच शिक्का बसला.

हे घरी चालवायचं असेल तर. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या, मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या 'गिंप्स' उपक्रमाचा प्रोग्राम फुकट आहे: विंडोजवर प्राइम९५, लिनक्सवर एमप्राइम. एका वर्गाला ५ मिलिसेकंद लागत असतील तर या आकाराच्या घातांकाला आठ दिवसांना थोडे कमी, १० लागत असतील तर सोळा. मशीन १२० वॉट खेचत असेल तर आठ दिवसांचे २३ युनिट. एका चाचणीत मूळसंख्या सापडण्याची शक्यता साधारण दहा लाखांत एक, हे आधी समजून घ्या आणि मगच बिलाकडे बघा.

आधी प्रोग्राममधलीच ताण-चाचणी रात्रभर चालवा. त्यात चूक दाखवली तर मेमरीचा वेग मूळ ठरलेल्या आकड्यावर आणा. पंख्याची जाळी एप्रिलआधी साफ करा; मेच्या दुपारी बंद खोलीत प्रोसेसर तापला की आधी वेग पडतो आणि मग ताळे चुकायला लागतात. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलण्याच्या क्षणात पीसी बंद होऊन परत सुरू होतो, म्हणून यूपीएस हवा, किंवा इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो. प्रोग्राम दर अर्ध्या तासाला सेव्ह करतो, त्यामुळे वीज गेल्यास नुकसान फार तर तेवढंच. जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरून वाहायला लागली की सेव्ह फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. एक बाकी १.७ कोटी बाइटांची आणि ताळ्याची जमा तेवढीच, म्हणजे ३५ एमबीच्या आसपास. दुसऱ्या मशीनवर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

डिस्कवर साडेचार जीबी मोकळी ठेवायला विसरू नका. २०२० पासून चाचणीबरोबर पुरावा तयार होतो, त्यासाठी मधल्या २५६ बाक्या साठवाव्या लागतात. जागा कमी असेल तर कमी बाक्यांचा, कमकुवत पुरावा होतो आणि पडताळणाऱ्याचं काम वाढतं. पूर्ण पुरावा असेल तर पडताळणाऱ्याला साडेतेरा कोटींऐवजी सुमारे ५ लाख ३२ हजार वर्गच करावे लागतात. पूर्वी अख्खी चाचणी दुसऱ्यांदा करावी लागायची.

दहा कोटी अंकी मूळसंख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे, त्यामुळे नवशिके थेट तिकडे उडी मारतात. तिथे घातांक ३३.२२ कोटींच्या पुढचा लागतो. घातांक अडीच पटीला थोडा कमी, पण पायऱ्याही तेवढ्या पटीनं वाढतात आणि प्रत्येक पायरीही, त्यामुळे काम सहा पट. आपल्या उदाहरणातले आठ दिवस तिथे दीड महिन्याच्या पुढे जातात. पहिलं वर्ष तरी जुन्या निकालांची पडताळणी घ्यावी असं आमचं मत आहे. मशीन भरवशाचं आहे की नाही तेही त्यातच कळतं.

निकालात, शेवटी उरलेल्या बाकीचे अखेरचे ६४ बिट सोळा खुणांत छापून येतात. ल्युका–लेमर चालवली असेल आणि तिथे सोळाही शून्यं दिसली, तर उड्या मारायच्या आधी पायऱ्या बरोबर प − २ झाल्या आहेत का ते बघा. शून्य फक्त शेवटच्या पायरीला यायला हवं. मधेच यंत्राच्या चुकीनं आलं तर पुढची पायरी उणे २, तिच्या पुढची २, आणि २ × २ − २ परत २. तिथून पुढे किती कोटी पायऱ्या उरल्या असतील तितक्या वेळा २ च. वर्तुळाच्या भाषेत आपण (१, ०) वर येऊन बसलो, आरंभबिंदूवर, आणि तिथे कितीही तुल्यभावना केल्या तरी हलत नाही. तेव्हा निकालात पंधरा शून्यं आणि शेवटी २ दिसला तर घातांकाला दोष देऊ नका. मेमरी काढून, संपर्काच्या पट्ट्या पुसून परत बसवा आणि शेवटच्या चांगल्या सेव्ह फाईलपासून चालवा.